एका मित्राच्या पाच घरगुती बिअर: चाखून लिहिलेला अभिप्राय

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझे एक स्नेही दहा बाटल्यांचे खोके घेऊन घरी आले. ते मूळचे मालवणकडचे, मी पुण्याचा. दोघेही गेली काही वर्षे अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात राहतो आणि दोघेही हौसेने घरी बिअर तयार करतो. पाच प्रकारच्या बिअर, प्रत्येकीच्या दोन बाटल्या, आणि झाकणावर मार्करने लिहिलेला क्रमांक व बाटली भरल्याची तारीख, अशी सगळी नीटस व्यवस्था होती. जूनमध्ये त्यांच्या मुलीच्या पदवीदानानिमित्त घरी जेवण ठरले होते आणि यांपैकी कोणत्या बिअर पाहुण्यांपुढे ठेवाव्यात, हे त्यांना ठरवायचे होते. "छान झाली आहे, एवढेच सांगू नका, काय लागले ते लिहून द्या," असे त्यांनी जाताना बजावले. त्यांना दिलेल्या त्या टिपणांवरून, त्यांच्या संमतीने आणि थोडा विस्तार करून, हा अभिप्राय लिहिला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे पुढील मजकूर तेथे करून पाहण्यासाठी नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरील कर उठला, आणि तेव्हापासून दोन किंवा अधिक प्रौढ माणसे असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर स्वतःच्या वापरासाठी करता येते. विकता मात्र येत नाही. आमच्या ओरेगनमध्ये तर २०१० साली राज्याच्या जुन्या कायद्याचा असा अर्थ लावला गेला होता की घरी केलेली बिअर घराबाहेर नेताच येणार नाही, आणि त्यामुळे त्या वर्षीच्या राज्य जत्रेतील घरगुती बिअरची स्पर्धाही रद्द झाली होती. २०११ मध्ये कायदा दुरुस्त झाला, म्हणून हे खोके त्यांच्या घरातून माझ्या घरी उजळ माथ्याने येऊ शकले.

चाखण्याची पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण पद्धत नसेल तर अभिप्रायाला वजन राहत नाही. बाटल्या दोन दिवस शीतकपाटात उभ्या ठेवल्या, म्हणजे तळाचा गाळ बसला. पहिला संच शनिवारी सकाळी अकरा वाजता, स्वयंपाकाला सुरुवात होण्यापूर्वी उघडला. फोडणीचा वास घरात असताना बिअरचा वास घेण्यात काही अर्थ नसतो. हिंग आणि मोहरी नाकात बसली की हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, नाजूक दरवळ पुढचे दोन तास हाती लागत नाही. सोबत साधे पाणी आणि पावाचे तुकडे होते, दुसरे काही नाही. प्रत्येक बिअरचे साठ-सत्तर मिलिलिटर आधी चाखून, लिहून, मगच पुढची बाटली उघडली. गुणांसाठी बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेचा तक्ता वापरला, ज्यात वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण ठशाला १० असे ५० गुण असतात. मी या संस्थेचा प्रमाणित परीक्षक नाही, परंतु हा तक्ता घरी वापरण्याचा एक मोठा फायदा असा की चवीला हात घालण्याआधी वासाविषयी लिहावेच लागते, आणि घरगुती बिअरमधील बहुतेक दोष जिभेच्या आधी नाकाला कळतात.

दुसरा संच मी मुद्दाम उघडला नाही. तो शीतकपाटाबाहेर, खोलीच्या तापमानाला, साधारण २० अंश सेल्सिअसला सोळा दिवस ठेवला आणि मग त्याच पद्धतीने चाखला. हे का केले, ते पुढे येईलच.

पहिली बिअर पिल्सनर होती, तीही चेक पद्धतीची. १८४२ मध्ये पिल्झेन गावात योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने पहिल्यांदा केलेली ही सोनेरी बिअर घरी करणे सोपे नाही, कारण तिच्यात दोष लपवायला जागाच नसते. पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), साझ जातीचे हॉप्स, यीस्ट आणि पाणी एवढेच तिचे भांडवल. पिल्झेनचे पाणी अतिशय मृदू आहे, आणि योगायोगाने पोर्टलंडचे बुल रन खोऱ्यातून येणारे पाणीही तसेच, क्षार जवळजवळ नसलेले आहे. म्हणूनच या शहरात हा प्रकार करून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. स्नेह्यांच्या बिअरचे रूप पाहून मी मनापासून थबकलो: गर्द सोनेरी, नितळ, आणि वर पांढराशुभ्र, दाट फेस, जो ग्लास अर्धा रिकामा होईपर्यंत कडेला वेलबुट्टीसारखा चिकटून राहिला. माल्टची चव भाजलेल्या पावाच्या कवचासारखी, भरीव आणि तरीही चिकट गोडीत न घसरणारी. कडूपणा स्वच्छ होता, घशात खरखरत नव्हता. हे सगळे साधणे म्हणजे माल्ट पाण्यात मुरवण्यापासून उकळण्यापर्यंतचे काम बिनचूक झाले, याची पावती आहे. विशेषतः पिल्सनर माल्टमध्ये राहून जाणारा, उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा वास येथे शोधूनही सापडला नाही. त्यांनी पूर्ण नव्वद मिनिटे, झाकण न ठेवता उकळले होते, त्याचे हे फळ.

परंतु ग्लास नाकाशी नेताच साझ हॉप्सच्या औषधी वनस्पतींसारख्या गंधाआधी जे आले, ते लोणी होते. घरी कढवायला काढलेल्या ताज्या लोण्याचा हा वास नाही. सिनेमागृहात पॉपकॉर्नवर ओततात त्या पिवळ्या द्रवाचा आहे, आणि घोट गिळल्यावर जिभेवर एक निसरडा थर राहतो. याला डायअ‍ॅसिटिल म्हणतात. चेक पद्धतीच्या पिल्सनरमध्ये तो अगदी अल्प प्रमाणात चालतो, असे शैलीचे नियमही सांगतात, म्हणून तो आहे एवढ्यावरून गुण कापणे योग्य झाले नसते. प्रश्न प्रमाणाचा होता. येथे तो हॉप्सच्या पुढे उभा होता, आणि साझ हॉप्स ज्या बिअरचा आत्मा आहे त्या बिअरमध्ये हॉप्स शोधावे लागणे ही उणीवच आहे.

डायअ‍ॅसिटिल कुठून येतो हे समजून घेतले तर दुरुस्ती अवघड नाही. आंबण्याच्या काळात यीस्ट एक पूर्वद्रव्य बाहेर टाकते, त्याचे हळूहळू आपोआप डायअ‍ॅसिटिलमध्ये रूपांतर होते, आणि तेच यीस्ट, अजून जोमात असेल तर, तो परत शोषून घेते. पिल्सनरसारखी लागर बिअर १० अंशांच्या आसपास आंबते, आणि त्या थंडीत हे सगळे फार सावकाश चालते. म्हणून आंबणे संपत आले की तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत वाढवून दोन-तीन दिवस थांबतात, म्हणजे यीस्ट आपले घर स्वतः झाडून घेते. मी टिपणात प्रथम एवढेच लिहिले की लोण्याचा वास तीव्र आहे आणि गिळल्यानंतरही टिकतो. कारण लिहिले नाही, कारण त्यांनी काय केले ते मला अजून माहीत नव्हते. चाखणाऱ्याने ग्लासात काय आहे ते आधी नोंदवावे आणि बिअर कशी केली ते नंतर विचारावे, असे माझे ठाम मत आहे. उलट क्रमाने गेले की आपण ऐकलेली गोष्ट चाखू लागतो, आणि जे आपण स्वतः कधी चुकलो होतो तेच दुसऱ्याच्या ग्लासात दिसू लागते.

दुसरी शक्यता होती ती जंतुसंसर्गाची, कारण पेडिओकॉकस नावाचे जीवाणूही डायअ‍ॅसिटिल तयार करतात. हे दोन्ही वेगळे ओळखण्यासाठीच मी दुसरी बाटली उबेत ठेवली होती. संसर्ग असता तर सोळा दिवसांत वास वाढला असता आणि बरोबर आंबटपणाही आला असता. यीस्टला वेळ कमी पडला असेल, तर बाटलीत उरलेले जिवंत यीस्ट थोडे तरी काम पुढे नेईल, असा हिशोब होता. दुसऱ्या बाटलीत लोणी स्पष्टपणे कमी झालेले होते, पूर्ण गेलेले नव्हते, आणि आंबटपणाचा मागमूस नव्हता. मगच मी त्यांना फोन करून विचारले. त्यांनी तापमान १७ अंशांपर्यंत वाढवले होते, हे ऐकून मला प्रथम आश्चर्य वाटले. परंतु तेथे त्यांनी एकच दिवस थांबून बिअर काढून घेतली होती, कारण तो फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवण्याचे भांडे, पुढच्या बिअरसाठी हवा होता. त्यानंतर थंडीत मुरवायलाही चार-सहा आठवड्यांऐवजी बाराच दिवस मिळाले. पहिल्या बाटलीला मी ५० पैकी ३१ गुण दिले, दुसरीला ३५. त्यांना सुचवलेली चाचणी साधी आहे: फर्मेंटरमधून थोडी बिअर दोन लहान बरण्यांत काढायची, एक बरणी झाकून ६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवायची, थंड करायची आणि दोन्हींचा वास घ्यायचा. तापवलेल्या बरणीला लोण्याचा वास आला तर पूर्वद्रव्य शिल्लक आहे, बिअर अजून काढायची नाही. त्यातही एक अडचण लक्षात ठेवावी लागते, ती अशी की काही माणसांना हा वास मुळीच ओळखता येत नाही. स्नेह्यांना तो सौम्यच जाणवतो, असे बोलताना लक्षात आले. म्हणून ही बरणी त्यांच्या पत्नीनेही हुंगावी, असे आम्ही ठरवले.

दुसरी बिअर जर्मन पद्धतीची गव्हाची, हेफेवाइत्सेन. स्नेह्यांना या प्रकाराची गोडी पुण्यातच लागली होती, २००९ मध्ये तेथे सुरू झालेल्या डूलाली या ताजी बिअर तयार करणाऱ्या ठिकाणी, आणि त्यांच्या हातचा हा सर्वांत जुना, सर्वांत सरावाचा प्रकार आहे. ते जाणवते. पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास या बिअरमध्ये यीस्टपासून येतो, केळे किंवा लवंग कोणी घालत नाही. आणि दोहोंचा तोल साधणे हीच येथील कसोटी. तापमान चढले की केळे बोकाळते आणि बिअरला शिकरणाचा वास येऊ लागतो. त्यांनी माल्ट आधी ४४ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे मुरवले, ज्यामुळे लवंगेच्या गंधाचे मूळ द्रव्य, फेरुलिक आम्ल, मोकळे होते, आणि नंतर १७ अंशांवर आंबवले. परिणाम असा की पहिल्या घोटात केळे येते, ते पसरण्याआधी लवंग त्याला आवर घालते, आणि शेवटी गव्हाची किंचित आंबूस, कणकेसारखी चव उरते. पहिल्या बाटलीला ३९ गुण दिले आणि एकही गुण मैत्रीचा नाही.

दुसरी बाटली मात्र उघडताना नेहमीचा फुस्स आवाज आलाच नाही. चव तीच, पण वायू इतका कमी की गव्हाची बिअर जड आणि थकलेली वाटली. या प्रकाराला इतर बिअरपेक्षा बराच अधिक वायू लागतो. एकाच दिवशी, एकाच भांड्यातून भरलेल्या दोन बाटल्यांमध्ये एवढा फरक पडावा, याचा अर्थ बाटलीत वायू तयार होण्यासाठी घातलेली साखर भांड्यात सारखी मिसळली नव्हती. साखरेचा पाक जड असतो, तो तळाशी बसतो. पाक आधी भांड्यात ओतून त्यावर बिअर नळीने गोल फिरेल अशी सोडायची आणि निर्जंतुक केलेल्या डावाने, फेस न आणता, अलगद ढवळायची, एवढाच उपाय आहे. येथे एक सावधानतेची सूचनाही मी लिहिली: काही बाटल्यांत साखर कमी गेली असेल तर काहींत जास्त गेली असणार, आणि गव्हाच्या बिअरला मुळातच साखर अधिक घालतात. जास्त दाबाची बाटली फुटू शकते. म्हणून उरलेल्या सर्व बाटल्या ताबडतोब शीतकपाटात, जाड खोक्यात ठेवाव्यात आणि पाहुण्यांपुढे उघडू नयेत, असे मी त्यांना त्याच दिवशी कळवले. बाकीचा अभिप्राय आठवड्याने दिला तरी चालतो. ही गोष्ट थांबण्यासारखी नव्हती.

तिसरी, आयरिश पद्धतीची काळी स्टाउट, याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती ठीक आहे. भाजलेल्या बार्लीचा कॉफीसारखा कडसरपणा, कोरडा शेवट, बदामी फेस. पोर्टलंडच्या मृदू पाण्यात गडद भाजलेल्या धान्याचा आंबटपणा किंचित टोचतो, तेवढ्यापुरता थोडा खाण्याचा सोडा किंवा चुना पाण्यात मोजून घालता येईल. ३४ गुण. ती पाहुण्यांसाठी निःसंकोच ठेवावी.

चौथी बिअर हे या खोक्यातील दुःख होते. धूसर आयपीए (इंडिया पेल एल), म्हणजे ओट्स आणि गहू घालून मऊ केलेली, उकळून झाल्यावर आणि आंबताना भरपूर हॉप्स घातलेली बिअर. हॉप्सच्या बाबतीत आम्ही ओरेगनचे लोक भाग्यवान आहोत: विलॅमेट खोरे दाराशी आहे, आणि अमेरिकी बिअरचा चेहरा बदलणारा कॅस्केड हा वाण १९७२ मध्ये याच राज्यातील कोर्व्हॅलिसच्या संशोधन कार्यक्रमातून प्रसृत झाला. स्नेह्यांनी सिट्रा आणि मोझेक हे वाण वापरले होते, १९ लिटरला जवळपास २५० ग्रॅम, म्हणजे खर्चही बराच. या बिअरचा रंग ताज्या अननसाच्या रसासारखा हवा. ग्लासात आला तो गढूळ, तांबूस, चहात दूध कमी पडावे तसा. वासात आंबा, संत्रे, पॅशनफ्रूट यांऐवजी मधासारखी बोजड गोडी, आणि दुसऱ्या बाटलीत, उबेत सोळा दिवस राहिल्यावर, ओल्या पुठ्ठ्याची स्पष्ट झाक. हा प्राणवायूचा मार आहे. हॉप्सने भरलेली धूसर बिअर हवेच्या बाबतीत जितकी नाजूक असते तितकी दुसरी कोणतीच नसते. जी थोडीशी हवा स्टाउट पचवून टाकते, ती हिला महिन्याभरात संपवते.

हवा कुठून शिरली असेल, याच्या दोन जागा निघाल्या. आंबणे संपल्यावर गाळ बसावा म्हणून त्यांनी फर्मेंटर दोन दिवस २ अंशांवर ठेवला. थंड होताना आतला वायू आकसतो आणि बिअरमध्ये विरघळतो, आणि त्या ओढीने फर्मेंटरच्या तोंडावरील पाण्याच्या झडपेतून बाहेरची हवा आत खेचली जाते. त्यानंतर ती उघड्या बादलीत काढून, तेथे साखर मिसळून, बाटल्यांत भरली. गव्हाच्या बिअरमध्ये जी साखर ढवळायला हवी होती ती ढवळली नाही, आणि जी बिअर ढवळायला नको होती ती त्यांनी, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, चांगली ढवळली. २४ गुण दिले, आणि हे गुण लिहिताना मला वाईट वाटले, कारण आंबण्यापर्यंतचे सगळे काम उत्तम झाल्याच्या खुणा तिच्यातही होत्या: तोंडातील स्पर्श मखमली होता, कडूपणा बेताचा होता, मद्याचा जळजळीतपणा नव्हता. माझा प्रामाणिक सल्ला असा की केग (दाबाखाली बिअर साठवण्याचे धातूचे भांडे) आणि कार्बन डाय-ऑक्साइडची टाकी घेईपर्यंत, म्हणजे बिअर हवेला न भेटवता बंद नळीतून एका भांड्यातून दुसऱ्यात नेता येईपर्यंत, त्यांनी हा प्रकार करू नये. त्याऐवजी जुन्या धाटणीची, कॅस्केड हॉप्सची, नितळ आणि अधिक कडू पेल एल करावी, जी बाटलीत दोन महिने तग धरते.

या टप्प्यावर चार बिअरची टिपणे शेजारी ठेवली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या दृष्टीने या अभिप्रायातील सर्वांत उपयोगी वाक्य तेच होते. त्यांची एकही चूक चुलीजवळची नाही. माल्टची निवड, पाण्याचे तापमान, उकळणे, हॉप्सचे प्रमाण, यीस्टची मात्रा, स्वच्छता, यांत बोट ठेवायला जागा नाही. गेल्या वर्षी त्यांच्या बिअरला जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा औषधी वास येत असे. पोर्टलंडच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असते, ते उकळून जात नाही, आणि त्याच्यापासून हा वास तयार होतो. तेव्हा सुचवलेली, क्लोरामाइन घालवणारी कॅम्पडेन गोळी, जी एक साधारण ७५ लिटर पाण्याला पुरते, ती ते आता नेमाने वापरतात आणि तो वास पाचही बिअरमधून साफ गेला आहे. जे बिघडते ते सारे शेवटच्या टप्प्यात बिघडते: लोणी राहिले ते फर्मेंटर लवकर रिकामा केल्याने, वायू कमी-जास्त झाला तो साखर घाईने मिसळल्याने, आयपीए गेली ती बाटल्या भरताना. पदवीदानाच्या तारखेआधी दोन फर्मेंटरमध्ये दहा आठवड्यांत पाच बिअर करायच्या, हे गणितच जुळणारे नव्हते. त्यांना नवीन पाककृती नको आहे, एक बिअर कमी करायला हवी आहे, असे मी लिहिले. चार वेगवेगळे दोष दाखवून दिले असते तर त्यांनी चार वेगवेगळे उपाय शोधले असते.

पाचवी बिअर शेवटी ठेवली, कारण आंबट बिअर चाखल्यावर जीभ दुसऱ्या कशासाठी उरत नाही. ही गोझ होती: मूळची जर्मनीतील गोस्लारची, पुढे लाइपझिगमध्ये नावारूपाला आलेली, गव्हाची, लॅक्टिक आम्लाने आंबट केलेली, आणि जिच्यात धणे व मीठ घालण्याची परंपरा आहे अशी बिअर. धणे, मीठ आणि आंबटपणा हे तीन शब्द ऐकून मालवणच्या माणसाला कोकम आठवले नसते तरच नवल. त्यांनी गावाहून आणलेली आमसुले, १९ लिटरला २०० ग्रॅम, आंबणे संपल्यावर पाच दिवस बिअरमध्ये ठेवली. धणेही भारतीय दुकानातले, लांबट दाण्याचे, ज्यांना लिंबाच्या सालीची झाक असते. येथील बिअरच्या साहित्याच्या दुकानांत मिळणाऱ्या गोल धण्यांपेक्षा ते या बिअरला अधिक शोभले.

रंग पाहूनच मन प्रसन्न झाले. सोलकढीत नारळाचे दूध घालण्यापूर्वी जो रंग असतो, तो, पण आरपार दिसणारा. वासात धणे पुढे, मागे कोकमाचा तो ओळखीचा, थोडा सुकलेल्या फळासारखा, थोडा खमंग गंध, जो मला थेट उन्हाळ्यात वाळवणे घातलेल्या अंगणात घेऊन गेला. मी अनेक ठिकाणी फळे घातलेल्या गोझ प्यायलो आहे. रासबेरी, चेरी, पेरूसुद्धा. त्यांत फळ बहुधा बिअरवर ओतल्यासारखे वाटते. येथे कोकम बिअरच्या आत होते, कारण त्याचा आंबटपणा, मीठ आणि धणे यांची संगत या बिअरच्या बाहेर, आपल्या स्वयंपाकघरात आधीच जुळलेली आहे. पाच बिअरमध्ये हीच एक अशी होती की जी दुसऱ्या कोणी केली असती असे वाटले नाही.

म्हणूनच तिच्यातील उणिवा मी सर्वांत बारकाईने लिहिल्या. पहिली, आंबटपणा दुहेरी झाला आहे. त्यांनी उकळण्यापूर्वी लॅक्टोबॅसिलस जीवाणूंकडून माल्टचा अर्क ३.३ पीएचपर्यंत (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा अधिक) आंबट करून घेतला, आणि त्यावर आमसुलाने आपले आम्ल घातले. दोन आंबटपणांची जात वेगळी आहे: लॅक्टिक आम्ल दह्यासारखे, गोल, कोकमाचे टोकदार आणि शेवटी तुरट. तिसऱ्या घोटानंतर दात आंबले. अर्क ३.५ किंवा ३.६ वर थांबवून उरलेला आंबटपणा कोकमावर सोपवावा, असे मी सुचवले. दुसरी उणीव मिठाची. त्यांनी पाककृतीप्रमाणे १८ ग्रॅम मीठ घातले, परंतु आमसुले वाळवताना त्यांनाही मीठ लावलेले असते, ते मोजले गेले नाही. गोझमध्ये मीठ चवीला उठाव देण्यापुरते असावे, जिभेने "खारट" असे नाव घेण्याइतके नसावे. तिसरी गोष्ट फेसाची: तो अर्ध्या मिनिटात गेला. आंबट बिअरचा फेस तसाही अल्पायुषी असतो, परंतु मला आणखी एक शंका आहे. कोकमाच्या बियांत भरपूर मेद असतो, ज्याचे तेल हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावतात, आणि मेद हा फेसाचा शत्रू. आमसुलांत एखाददुसरी बी चिकटून राहिली असेल तर तिचा परिणाम होऊ शकतो, म्हणून पुढच्या वेळी प्रत्येक आमसूल उघडून पाहावे. आगळ वापरण्याचा त्यांचा विचार आहे, त्याला मी विरोध केला. आगळात मीठ इतके असते की बिअर आपल्या हातात राहणार नाही.

या बिअरला ३५ गुण दिले. शैलीच्या नियमांत काटेकोर बसवायचे तर दोन-तीन गुण कमीच पडले असते, परंतु एकूण ठशाच्या रकान्यात मी १० पैकी ८ लिहिले आणि त्याचे कारणही शेजारी लिहिले: दुसरी बाटली चाखण्यासाठी उघडली होती, ती रात्री जेवताना तळलेल्या मासळीबरोबर संपली, आणि आणखी एक असती तर बरे झाले असते.

जूनच्या जेवणाला स्टाउट आणि कोकमाची गोझ या दोन ठेवल्या गेल्या, पिल्सनर पुढे महिनाभर मुरवायला मागे ठेवली. यंदाच्या मेमध्ये वाळवलेली आमसुले ऑगस्टमध्ये त्यांच्या बहिणीबरोबर येणार आहेत. तेव्हा पुढची गोझ मिठाशिवाय आंबवायची, तिच्यातली चार लिटर चार बरण्यांत वेगळी काढायची, आणि प्रत्येकीत आमसूल पाच, आठ, दहा आणि बारा ग्रॅम असे तोलून घालून, मीठ अगदी शेवटी चिमटीचिमटीने टाकत एकत्र चाखायचे, असे आमचे ठरले आहे. फर्मेंटर त्या महिन्यात दुसऱ्या कशासाठीही लागणार नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले.